कव्हरवरची वच्छला

मगन आणि वच्छला बिऱ्हाडे या भावाबहिणीची पहिली कॅसेट बाजारात आली, तेव्हा कव्हरवर मगन होता, वच्छला नव्हती. तिच्या जागी सुरतेच्या एका साडीवाल्याच्या कॅलेंडरवरची कुणी मुलगी होती. शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक, मान तिरकी केलेली, ओठांवर कशाचं तरी हसू. मगनचा फोटो मात्र मगनचाच होता, काळ्या चष्म्यासकट.

"शेठ, ही कोण?" वच्छलाने विचारलं होतं.

"तूच," कौतिकशेठ म्हणाला. "म्हणजे लोकांसाठी."

कौतिकशेठचं जळगावात पूर्वी विहिरीवरच्या मोटारपंपांचं दुकान होतं. खानदेशी गाण्यांच्या कॅसेटी केळीच्या घडांसारख्या उचलल्या जातात असं त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने अर्ध्या दुकानात पंप ठेवले आणि अर्ध्यात गाणी. दोन्ही धंद्यांची त्याची अक्कल एकच होती. "पंप लहान दिसावा आणि पाणी जोरात यावं," तो म्हणायचा. "गिऱ्हाइकाला दुसरं काही नको असतं."

वच्छलाचं पाणी जोरात यायचं यात शंका नव्हती. वडील झुलाल बिऱ्हाडे पाचोऱ्याला रेल्वेत होते, आणि चौदा एप्रिलला त्यांची पार्टी भीमगीतं घेऊन गावोगाव जायची. वच्छला तिथेच गायला शिकली. माइक बंद पडला तरी ती थांबायची नाही आणि मागच्या रांगेलाही ऐकू जायची. मगन तिच्याहून मोठा. त्याने पेटी शिकली, मग कुठूनसा कॅसिओ आणला आणि दोघांनी मिळून 'चोपडानी मोटर चुकी गयी' हे गाणं बसवलं. चोपड्याची एसटी चुकलेली एक बाई भर उन्हात पायी निघाली आहे आणि वाटेतल्या प्रत्येकाला आपलं दुःख सांगते आहे, एवढंच ते गाणं. पण 'गयी'वर वच्छला जो सूर धरायची, तो सुटेपर्यंत ऐकणाराही श्वास सोडत नसे. एसटीचे ड्रायव्हर त्या सुरात हॉर्न वाजवू लागले. त्या वर्षी खानदेशात एक लग्न त्या गाण्यावाचून लागलं नाही.

मग धुळ्याच्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने दोघांना कार्यक्रमाला बोलावलं.

मगन पुढे स्टेजवर चढला. त्याच्यामागून वच्छला पायरीवर पाय ठेवते तोच छातीला बिल्ला लावलेल्या एका कार्यकर्त्याने हात आडवा केला.

"मावशी, बायकांची बसायची सोय त्या बाजूला आहे."

"मी गाणारी आहे," वच्छला म्हणाली. तिचं वय तेव्हा चोवीसच्या घरात होतं.

कार्यकर्त्याने खिशातून कॅसेट काढली. कव्हरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग अदबीने विचारलं, "मग त्या कधी येणार?"

शेवटी मगन वरून ओरडला तेव्हा ती वर गेली. गायली, आणि चांगली गायली. पहिल्या ओळीला लोक गप्प झाले, 'गयी'ला सगळा मांडव उभा राहिला. पण अधूनमधून मागच्या पोरांचा आवाज येत होता, "कव्हर कुठंय? कव्हर आणा." कौतिकशेठला कार्यक्रमात तेवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना दुकानात बसवून घेतलं. मगनला वाटलं, आता कव्हर बदलणार.

"कव्हर बदलणं परवडत नाही," शेठ म्हणाला. "हजारो घरांत गेलंय ते. आता वच्छलाबाईलाच बदललं पाहिजे. तीन-चार महिन्यांत होईल. कपाशीचं पीकसुद्धा त्याहून जास्त वेळ घेतं."

मगन स्वतः बहिणीच्या दीडपट होता. पण त्याला लोक "तब्येतीने खानदानी आहे" म्हणायचे.

तोवर वच्छलाने आपल्या अंगाचा विचार कधी केला नव्हता. अंग होतं. त्याने पाणी भरलं होतं, धुणं धुतलं होतं, आवाज काढला होता. त्या पायरीनंतर मात्र तिला स्वतःशिवाय काही दिसेनासं झालं. कासाराच्या दुकानातला आरसा, एसटीची काच, घासून ठेवलेला स्टीलचा हंडा, सगळीकडे तीच. हंड्यात तर फारच.

शेठने तिला जळगावच्या एका निसर्गोपचारवाल्याकडे नेलं. तिथे कमरेला पट्टा लावून हलवणारं यंत्र होतं. त्यावर वच्छलाच्या बांगड्या फुटल्या, बाकी होतं तसं राहिलं. निसर्गोपचारवाल्याने दुधीचा रस सांगितला. पाचोऱ्याला बातमी पोचली आणि गल्लीतली प्रत्येक बाई औषध घेऊन आली. कुणी लिंबू-मध सांगितलं, कुणी पाण्यात उकळलेलं जिरं. कुणी म्हणालं, भात सोड. कुणी म्हणालं, फक्त भातच खा. सल्ला देणाऱ्यांत एकही बारीक नव्हती, आणि प्रत्येकीला चहाबरोबर काहीतरी खायला द्यावं लागत होतं. ते करायचं वच्छलाने.

आई पार्वताबाईला हे पाहवेना. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ताजं भरीत पुढ्यात ठेवून ती म्हणायची, "माय, तू कसाले उपाशी ऱ्हास? गानं गावाले पोट लागस."

झुलालआबा ओट्यावरून म्हणायचे, "आवाज काय हाडकास्मा ऱ्हास का?"

वच्छला ताट सरकवायची. दिवसभर दुधीच्या रसावर राहायची. मग संध्याकाळी घरात कुणी नाही असं पाहून डब्यातले शेंगदाणे उभ्याउभ्या मूठमूठ तोंडात टाकायची. चावायचीसुद्धा घाई. डबा संपला की झाकण लावून तिथेच खाली बसायची, आणि मनाशी ठरवायची की उद्या रससुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तसंच करायची. यातलं ती कुणाला काही सांगत नव्हती. शेंगदाणे उंदीर नेतात अशी पार्वताबाईने स्वतःची समजूत करून घेतली होती. निदान तसं ती दाखवायची.

कार्यक्रमांच्या वाटेवर धाब्यावर गाडी थांबली की मगन शेवेची भाजी मागवायचा आणि बहिणीला दिसू नये म्हणून तिच्याकडे पाठ करून जेवायचा. पाठ एवढी रुंद होती की तिच्याआड चार ताटं झाकली जायची, पण वास काही झाकला जात नव्हता.

"भाऊ, इकडे तोंड करून जेव," ती एकदा म्हणाली. "तुझी पाठ बघून जास्त भूक लागते."

मगनने तोंड फिरवलं. पण मग त्याला घास जाईना, आणि उरलेली भाजी त्याने बांधून घेतली.

वजन उतरलं. ब्लाउज आत घ्यावे लागले, मग पुन्हा आत घ्यावे लागले. गालांची हाडं वर आली. पाचोऱ्याच्या बाजारात ओळखीच्या बाया हळूच विचारू लागल्या, छातीचा फोटो काढला का म्हणून. जळगावात कौतिकशेठ मात्र खूश होता. तिला पाहिलं की तो कॅसेट काढायचा, कव्हर तिच्या चेहऱ्याशेजारी धरायचा आणि म्हणायचा, "मान थोडी तिरकी कर. हां, आता जमत आलं."

बोदवडच्या कार्यक्रमाला ती स्टेजवर गेली तेव्हा कुणी अडवलं नाही. उलट टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी ती गाण्याच्या आधी टाळ्या वाजवल्या होत्या. खरं सांगायचं तर तिला ते फार आवडलं. कधी नव्हे ती पदर सारखा करत उभी राहिली. मग गाणं सुरू झालं. 'चोपडानी मोटर' नीट निघाली, 'चुकी'पर्यंत आली आणि 'गयी'वर तिचा श्वास संपला. सूर मध्येच तुटला. तिने पुन्हा धरला, पुन्हा तुटला. डोळ्यांपुढे काळं आलं आणि ती होती तिथेच खाली बसली. मगन कॅसिओ सोडून धावला.

लोक वाईट नव्हते. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. पण स्टेजच्या मागून नेताना तिने दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकलं.

"कव्हरवरची बाई आणली, पण गाणारी नाही आणली."

"तीच फसवणूक. गाणारी चांगली ठणठणीत असेल, घरी बसवली असेल."

कौतिकशेठने यावरही उपाय काढला. टेप लावायची, बाईने नुसते ओठ हलवायचे. वच्छलाने करून पाहिलं. पण तिला नुसते ओठ हलवता येत नसत. ती खरंच गायला लागायची आणि आपल्याच टेपच्या मागे पडायची. तेव्हा शेठला आपल्या जुन्या धंद्यातला एक नियम आठवला, की मोटार आणि पंप हे एकाच जागी असायला हवेत असं काही नाही.

त्याने जळगावच्या कॉलेजातून कुंदा नावाची मुलगी आणली. गॅदरिंगच्या नाटकांत कामं करणारी, कॅलेंडरवरच्या मुलीच्या चुलत बहिणीसारखी दिसणारी. कुंदा पुढे उभी राहून ओठ हलवणार. टेप धुळीने अडकते, म्हणून वच्छला पडद्यामागे माइक घेऊन बसणार आणि खरोखरीचं गाणार.

"आणि वच्छलाबाई, आता जेवत चला," शेठ मोठ्या मनाने म्हणाला. "पोटभर जेवा. आता तुम्हाला कोण बघतंय?"

वच्छला घरी आली. पार्वताबाईने आनंदाने भरीत केलं, वर कच्चं तेल घातलं, कांद्याची पात ठेवली. वच्छलाने घास उचलला आणि तो तोंडात फिरत राहिला. गिळवेना. इतके महिने अन्नाला शत्रू मानलं होतं. शेठने तह केला म्हणून घसा ऐकायला तयार नव्हता. ती ताटावरून उठली आणि मागच्या दारी जाऊन रडली. हडकुळी होऊन तिने काय मिळवलं, तर जाडी असताना जी जागा होती तीही गेली.

कुंदाचा ती मनातून राग करणार होती. पण पहिल्याच दौऱ्यात मेटॅडोरमध्ये कुंदा तिच्याशेजारी येऊन बसली, पिशवीतून डबा काढला, डब्यातून तुपाने थबथबलेला लाडू काढला आणि डोळे मिटून औषधासारखा खाऊ लागली. लाडवावर दोन केळी. केळ्यांवर बाटलीतलं तपकिरी टॉनिक.

"हे काय?" वच्छलाने विचारलं.

"वजन वाढवायचं," कुंदा घास गिळत म्हणाली. "आईचा हुकूम आहे. तीन ठिकाणची माणसं मला बघून गेली. तिघंही म्हणाली, पोरगी वाळलेली आहे, अंगावर मांस नाही. आणि शेठ म्हणतात, जरा जरी भरलीस तर दुसरी आणेन. मी कुणाचं ऐकू, अक्का?"

वच्छलाला हसू आलं. किती दिवसांत आलं नव्हतं, त्यामुळे ते थांबेना. पुढच्या सीटवरून मगनने घाबरून मागे पाहिलं. त्याला वाटलं, पुन्हा चक्कर आली.

"इकडे आण अर्धा लाडू," वच्छला म्हणाली. "तू सगळा खाल्लास तर शेठ रागावेल, नाही खाल्लास तर आई."

त्या दौऱ्यापासून कुंदाचा डबा दोघींचा झाला. वच्छला अर्धा लाडू खायची, कधी तोही अर्धाच. पण लपून नाही, उभ्याने नाही, आणि कुणीतरी शेजारी बडबडत असताना. आवाज हळूहळू परत येऊ लागला. पडद्यामागे बसून ती गायची आणि पडद्याच्या फटीतून कुंदाला मिळणाऱ्या टाळ्या पाहायची. ते मात्र सोपं झालं नाही. कुंदा दर वेळी आत येऊन म्हणायची, "अक्का, आज तुला फार टाळ्या पडल्या." त्याने थोडं कमी दुखायचं.

मग धुळ्याच्या एका घरून कुंदाला मागणी आली. मुलाचं नाव नथ्थू, बियाण्यांच्या दुकानात हिशेबाला होता. त्याच्या आईने, द्रौपदाबाईंनी, चोपड्याला कुंदाचा कार्यक्रम पाहिला होता आणि त्या आवाजावर भाळल्या होत्या. मुलगी बारीक आहे, चालेल, असं त्यांनी कळवलं होतं. असा गळा घरात येतो आहे तर हाडं कोण मोजतं.

साखरपुड्याच्या दिवशी कुंदाने वच्छलाला जळगावला घरी बोलावून घेतलं. तिची आई भागाबाई दारातच हात धरून म्हणाली, "पोरी, त्या म्हणणार, एक गाणं म्हण. तू स्वयंपाकघरात बस. मधे पडदा आहेच. तुला सवय आहे."

तुला सवय आहे, हे वाक्य वच्छलाने ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. बाहेर पाहुणे आले, चहा झाला, ओटी भरून झाली. द्रौपदाबाईंचा जाडाभरडा, मोकळा आवाज पडद्यातून येत होता. आमच्या घरी आता रोज सकाळी गाणं होणार, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. कुंदा काही आणायच्या निमित्ताने आत आली.

"अक्का, मी तोंड उघडलं की सुरू कर."

"करीन," वच्छला म्हणाली. "आज मी गाईन. उद्या सकाळी धुळ्याला कोण गाईल?"

"उद्याचं उद्या बघू."

"कुंदे, मी त्या फोटोसारखी दिसायला निघाले होते. रोज उद्याचं उद्या बघायचे. तुझ्या तोंडून जन्मभर माझा आवाज यायला हवा. जमेल?"

कुंदाने ओट्यावरचा तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्याली आणि बाहेर गेली. वच्छलाने श्वास भरून घेतला होता. पण बाहेरून, द्रौपदाबाईंना उद्देशून, कुंदाचा स्वतःचा, जरा चिरका आवाज आला.

"आई, मला गाता येत नाही. मी नुसते ओठ हलवते."

भागाबाई भिंतीला टेकली.

"मंग कॅसेटमा गास ती कोन शे?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

पडदा बाजूला करून वच्छला बाहेर आली. द्रौपदाबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. ही नजर वच्छलाच्या ओळखीची होती, तिने आपोआप पोट आत घेतलं. आता काय ऐकावं लागतंय ते ऐकायची तयारी करून ती उभी राहिली.

"जेवन व्हयनं का तुन्हं?" द्रौपदाबाई म्हणाल्या.

"नाही."

"पहिले जेव. मंग म्हन."

मुलाच्या मामांना हे इतकं झटपट पटलं नाही. ते म्हणाले, "पण कव्हरवर तर ही कुंदा आहे ना?"

"मी नाही," कुंदा म्हणाली.

"मग ह्या?"

"मीही नाही," वच्छला म्हणाली. "ती सुरतेची कुणीतरी आहे."

मामांनी थोडा विचार केला. "तिला गाता येतं का?" ते कुणालाच माहीत नव्हतं.

"पोर खोटं बोलनी नही, हाई बेस व्हयनं," असं म्हणून द्रौपदाबाईंनी विषय संपवला. कुंदाला काय येतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा नथ्थू पहिल्यांदा बोलला. म्हणाला, नाटकात बरं काम करते असं ऐकलंय, घरात तेच जास्त उपयोगी पडतं. बाया हसल्या आणि साखरपुडा झाला.

वच्छला ओळखपाळख नसलेल्या बायांच्या मधोमध बसून जेवली. दोन पुऱ्या आणि भाजी. अर्ध्यात एकदा हात थांबला, कारण समोरची एक बाई तिच्याच ताटाकडे बघत होती. पण त्या बाईला फक्त लोणचं हवं होतं. जेवल्यावर ती तिथेच, पेटीशिवाय, मांडी घालून गायली. 'गयी' पूर्वीइतका लांब गेला नाही. जेवढा गेला तेवढा तुटला नाही. द्रौपदाबाई म्हणाल्या, चोपड्याला ऐकला तेव्हा आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटला होता, आज बरा वाटला.

पुढच्या आठवड्यात ती मगनला घेऊन कौतिकशेठकडे गेली. पडद्यामागे गाणार नाही, म्हणाली. पुढे उभी करायची असेल तर आहे तशी.

"आहे तशी म्हणजे कशी?" शेठने विचारलं. "तू दर महिन्याला वेगळी असतेस."

हे खरं होतं, आणि म्हणून लागलं. तेव्हा मगनने काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शेठ, माझं वजन तुम्ही कधी विचारलं नाही."

"तू पुरुष आहेस. कॅसिओमागे बसतोस."

"मग आता पंपच विका," मगन म्हणाला आणि उठला. एवढं बोलायला त्याला दोन वर्षं लागली होती. चष्मा टेबलावरच राहिला, पण तो आणायला परत जायची हिंमत त्याला झाली नाही.

शेठने कॅलेंडरवरच्या मुलीच्या कव्हरखाली आणखी दोघी-तिघींचे आवाज विकून पाहिले. मग केबल टीव्ही आला, आणि दुकानाची गाण्यांची अर्धी बाजूही पंपांनी भरून गेली. भावाबहिणीला मोठे मांडव मिळणं बंद झालं. लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं मिळत राहिली. चौदा एप्रिलला बोदवडला झुलालआबांचा आवाज बसला होता, तर सगळा कार्यक्रम वच्छलाने ओढून नेला. जेवणाच्या पंगतीत ती बायांबरोबर बसली आणि भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

पण म्हणून सगळं सरळ झालं असं नाही. त्याच महिन्यात एका लग्नात गातानाचा तिचा फोटो घरी आला. तो पाहिल्यावर दोन दिवस तिला घास गिळवेना. पार्वताबाई समजूत घालायला आली नाही. तिने ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि शेजारी गहू निवडत बसून राहिली. सकाळ गेली. ऊन अंगणातून ओट्यावर आलं. पार्वताबाई गव्हातले खडे काढत होती आणि मधूनच गल्लीतल्या कुणाच्या तरी म्हशीबद्दल बोलत होती. दुपार कलल्यावर वच्छलाने वरचं ताट काढून बाजूला ठेवलं.

"गार झालं असेल," ती म्हणाली.

"व्हयनं असीन," पार्वताबाई म्हणाली, आणि गरम करायला उठली.